खालून वर

आधी वास आला.
माळ्यावर विसरलेल्या ओल्या पोत्याचा.
हस्ताचा पाऊस दोन रात्री कोसळून गेला होता,
गाडी पार्किंगमध्ये, काचा वर, कुलूप नीट.
मी म्हटलं, एसीचं पाणी असेल.
उज्ज्वला काही बोलली नाही.

मॅटखाली जुने पेपर घातले,
रोज सकाळी काढून पिळले.
कांद्याचे भाव, द्राक्षांची छाटणी, कुणाचं तरी दशक्रिया विधीचं निवेदन,
सगळ्याची एकच शाई होऊन
माझ्या नखांत बसायची.

द्वारकेवरून सिलिकॉनची ट्यूब आणली.
फट दिसली तिथं भरली,
नव्हती तिथंही भरली.
गाडी बाहेरून वाढदिवसाच्या केकसारखी
आणि आत पुन्हा तळं.

वडाळा नाक्यावरच्या ताहेर मिस्त्रीनं
माझं सगळं काम अंगठ्याच्या नखानं उचकटलं.
"हे कुणी केलं?"
मी म्हटलं, होता एकजण.
"पाणी दिसतं तिथून येत नसतं, साहेब.
शिरतं एकीकडे, पत्र्याच्या आतून चालत जातं,
उतार संपला की बसतं."

डावी सीट काढली. गालिचा उलटा केला.
खालचा फोम हातभर पिळला तर अर्धी बादली.
तळाशी मिळालं ते असं:
हिरवं पडलेलं एक नाणं,
फुगलेली बडीशेप, चपलेचं एक बक्कल,
आणि चार पदरी घडी घातलेली प्लास्टिकची पिशवी,
बरोबर दोन पावलं मावतील एवढी.

मग सगळ्या सांध्यांवर अंगाला लावायची पावडर.
"आता एक आत, एक बाहेर.
पाइप खालून वर न्यायचा.
वरून धार धरली
तर सगळीच गाडी गळतीय असं वाटतं."

पाइप तिनं घेतला, पदर खोचून.
सीट परत ठेवली होती, नुसती, बोल्ट न लावता.
मी तिच्या जागेवर बसलो, तोंडात टॉर्च.
अकरा वर्षांत या बाजूला पहिल्यांदाच.
इथून रस्ता वेगळा दिसत असणार.
आत्ता समोर रस्ता नव्हताच,
रिमचा ढीग आणि एक पेंगणारं कुत्रं.

चाकाची कमान. कोरडं.
दाराची पट्टी. कोरडं.
आरशाचं बूड. कोरडं.
बाहेर ती काहीतरी विचारत होती,
काचेवरच्या पाण्यात तिचे ओठ
लांब व्हायचे, तुटायचे.
मी मान हलवत होतो, कशाला ते न कळता.

वायपरखालच्या जाळीवर धार आली.
बराच वेळ काहीच नाही.
मग ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, पावडरीत,
एक रेघ उमटली, मुंगी चालावी तशी.
थेंब टोकाशी थांबला. लोंबला.
माझ्या मोज्यावर पडला.
दुसरा त्याच वाटेनं.

मी काच ठोकली. तिला ऐकू गेलं नाही.
पुन्हा ठोकली. ती पाणी मारत राहिली, मन लावून,
आणि मी पाय न हलवता बसलो,
अंगठ्यापासून घोट्यापर्यंत
हळूहळू गार होत.

जाळीखाली निघाली कडुनिंबाच्या काड्यांची,
पानांची काळी लापशी. ताहेरनं तार घातली,
ढवळली, आणि गाडीनं
पोटातलं सगळं फरशीवर ओतलं.
वर एक चिरलेलं रबरी बूच बदललं.
बूच पंधरा रुपये. मजुरी सहाशे.
"दर दिवाळीला पानं काढत जा," एवढंच म्हणाला.

गालिचा मागे गुंडाळून
उघड्या पत्र्यावर पाय ठेवून निघालो.
मुंबई नाक्याच्या सिग्नलला मी विचारलं,
"कधीपासून?"
"मागच्या नवरात्रापासून. सांगितलं होतं की."

सप्तशृंगीहून परत येताना?
की तिच्या भावाकडे, सिन्नरला जाताना?
गाणी लावली होती का मी? काय म्हणालो होतो?
मागून हॉर्न वाजायला लागले.

ती पिशवी मी खिडकीतून टाकणार होतो.
तिनं हातातून घेतली,
झटकली, उलटी केली, पुन्हा घडी घातली.
"असू दे," म्हणाली, "भाजीला होते."